मांडवातली आचारसंहिता

निवडणूक संपली की मतपेट्या गोदामात जातात आणि पुढारी मुंबईला. किस्से तेवढे आमच्यासारख्या कारकुनांच्या वाट्याला येतात! नव्वदच्या दशकात सातारा जिल्ह्यात, वडूजच्या बाजूला, मी आचारसंहिता पथकात होतो. पथक म्हणजे एक जुनी जीप, कागदपत्रांना मी, व्हिडिओ शूटिंगला बापू आणि प्रमुख नायब तहसीलदार कांबळे. मूळचे शिराळ्याचे. महसूल खात्याच्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना रावसाहेब म्हणायचो. रिटायरमेंट जवळ आलेली, आवाज कधी चढायचा नाही आणि नियम कधी वाकायचा नाही.

*

उमेदवारांच्या सभांचं शूटिंग करा, असा वरून हुकूम आला. तालुक्यात कॅमेरा एकट्या बापूकडं, आणि बापू लग्नाचा शूटिंगवाला!

पहिल्या सभेची कॅसेट बघायला बाहेरच्या राज्यातले निरीक्षक साहेब बसले. पडद्यावर गुलाबाचं फूल उमललं आणि त्यातून उमेदवार हात जोडत बाहेर आले. मागं सनई. मग बदामाच्या आकारात जिल्हाध्यक्ष.

साहेब गोंधळून म्हणाले, "ये शादी किसकी है?"

रावसाहेब खाली बघत होते. बापू मात्र खूश. "साहेब, फुलाचा इफेक्ट आपल्याकडनं फ्री!"

*

भिंतीवरच्या प्रचाराच्या घोषणा आम्ही चुना मारून पुसायचो. एका गावात दिवसभर तेच केलं. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी जीपला आडवी आली.

"आवं सायेब, ह्यो काय न्याय झाला?"

"काय झालं, आजी?"

"समद्या आळीच्या भिती पांढऱ्याफेक झाल्या. माझीच तेवडी काळी ऱ्हायली. माझ्याबी भितीवर कायतरी लिवा की! कुठल्याबी पक्षाचं चालंल!"

*

कोनशिलेवर मंत्र्याचं नाव असेल तर ती झाकायची. एका वाडीत एसटी थांब्याच्या कोनशिलेवर आम्ही सकाळी पांढरं कापड बांधलं. दुपारी परत त्याच रस्त्यानं आलो तर थांब्यापुढं रांगोळी, हलगी आणि हातात नारळ घेतलेले सरपंच!

"कापड बांधून गेला, म्हंजी उद्घाटन आसंल म्हनलं," सरपंच म्हणाले. "पाव्हणं कवा यायचं हायती?"

रावसाहेबांनी आचारसंहिता समजावून सांगितली. सरपंचांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"बरं, न्हाई तर न्हाई. पर आनलेला नारळ परत कसा न्यायचा? तुमीच फोडा!"

*

खरी डोकेदुखी लग्नांची. आमच्याकडं पुढारी मांडवात आला की माइकवर त्याचं नाव पुकारायचं, फेटा बांधायचा आणि नवरा-नवरीला आशीर्वाद म्हणून दोन शब्द बोलायला लावायचं. दोन शब्दांचे दोनशे होतात आणि शेवट "येत्या रविवारी विसरू नका" असा होतो. अक्षता हातात धरून पब्लिक उभं.

रावसाहेबांनी रेघ मारली. उमेदवारानं यावं, अक्षता टाकाव्यात, जेवावं. माइक हातात घेतला की ती विनापरवाना सभा! आणि नोटीस ज्यानं मांडव घातला त्याला. मग तो यजमान कचेरीबाहेरच्या बाकावर बसून खुलासा लिहायचा. "माईक त्यांनी ओढून घेतला", "मी त्या वेळी जेवण बघत होतो", "मला ऐकू कमी येते". रावसाहेब शांतपणे वाचायचे आणि प्रकरण पुढं पाठवायचे. एकही खुलासा त्यांना कधी पटला नाही.

एका रिटायर्ड सुभेदारांना नोटीस गेली तेव्हा ते भडकले. उसाचा बागायतदार माणूस, मिशीला पीळ. भर कचेरीत म्हणाले, "रावसायेब, पुढल्या आठवड्यात तुमच्याबी पोरीचं लगीन हाय न्हवं? तवा बघू तुमचा कायदा!"

तारीख निवडणूक लागायच्या आधीच धरलेली, आता बदलणं शक्य नव्हतं. चहाच्या गाड्यावर सुद्धा तोच विषय. जन्मभर एकच माप लावलेला माणूस, घरच्याच मांडवात चुकला तर ते माप खोटं ठरणार होतं. आम्हाला त्यांची खरंच काळजी वाटत होती.

*

लग्न झालं. पांढऱ्या साडीत मुलगी उभी, त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले. रावसाहेबांनी माइकवाल्याला बजावून ठेवलं होतं, "पंचशील झालं की मशीन बंद." एवढ्यात उमेदवार आले. रावसाहेबांनी त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवलं, सरबत दिलं. सगळं सुरळीत.

पण व्याही सांगलीचे! त्यांना यातलं काहीच माहीत नाही. उमेदवार आल्याच्या गडबडीत माइकवाला मशीन बंद करायचं विसरला होता. माइक त्यांनी हौसेनं उचलला. "आपलं भाग्य म्हणून साहेब आलेत. दोन शब्द..."

साहेब बोलले. चांगलं पोटभर बोलले. निशाणीसुद्धा सांगितली! दुसऱ्या रांगेत सुभेदार. ते साहेबांकडं बघतच नव्हते, रावसाहेबांकडं बघत होते. रावसाहेब काही बोलले नाहीत. पंगती उठवल्या, मुलीची पाठवणी केली, डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत पोचलो तर ते आधीच हजर. म्हणाले, "नोटीस टाइप करा." नाव सांगितलं. स्वतःचं. अधिकारी म्हणून सही केली, कागद फिरवला आणि मिळाली म्हणूनही सही केली. मग उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

सुभेदार स्वतःच्या प्रकरणासाठी आलेच होते. बाकावर सरकून त्यांनी जागा दिली.

रावसाहेबांनी खुलासा लिहिला: "माइक व्याह्यांनी दिला. मुलीच्या बापाला त्या वेळी काही बोलता येत नाही."

आत आले, खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि खुलासा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. सुभेदार दारात उभे.

"सोडा हो रावसायेब," सुभेदार हळूच म्हणाले. "बरोबरच लिवलंय की. पोरीच्या बापाला खरंच बोलता येत न्हाई."

रावसाहेबांनी पेन उचलून टोपण काढलं.

"व्हय, वाचला मी. पर मला काय पटला न्हाई."