खिडकीच्या बाहेरून

दारात आलेल्या एका माणसाला मी आत घेतलं नाही, हे आजवर कुणाला, बायकोलाही, सांगितलेलं नाही.

महाडच्या आमच्या घराची पश्चिमेची खिडकी पावसात झिरपायची. दर वैशाखात बौद्धवाडीतला एक सुतार बाहेरून चौकटीच्या फटी भरायला यायचा. "सिमेंट नको, गुर्जी. लाकूड फुगलं की तडकतंय. लांबीच बरी," म्हणत तो खडूची पूड जवसाच्या तेलात मळून लांबी करायचा आणि फटीत अंगठ्याने दाबताना खिडकीलाच दटावायचा, "गप ऱ्हा गो, आता रडायचं नाय." मग चौकटीवर तांब्याभर पाणी ओतून मला विचारायचा, "आत काय दिसतंय?"

एका वर्षी ते ओतलेलं पाणी आत आलंच. "आतून बघाय पायजे," म्हणत त्याने दारात चपला काढल्या. आई म्हणाली, "उंबऱ्याबाहेरूनच सांग रे." मी आईकडे पाहिलं नाही, त्याच्याकडेही नाही.

त्याने चपला घातल्या आणि खिडकीशी जाऊन लांबीचा गोळा गजांतून माझ्या हातात दिला. "दाबा गुर्जी. तुमचंच घर हाय."

फट बुजली. तो पुढेही येत राहिला, पण आत काय दिसतंय, हे त्याने पुन्हा विचारलं नाही.

त्याला एक 'आत या' मी अजून देणं लागतो.