शेगडीवर वाळलेला थेंब

माझी खोड अशी, की उत्तर मिळालं तरी समाधान होत नाही. तळेगावजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत लहान मुलांच्या एका दुर्मीळ आजारावर संशोधन चालतं. त्या श्रावणात कामशेतपलीकडच्या खेड्यातून आमच्याकडे एक कार्ड आलं. चार महिन्यांच्या मुलीच्या टाचेतला रक्ताचा थेंब, जाड कागदावर वाळवलेला. तिचा थोरला भाऊ पोट फुगून दगावला होता. कशानं, ते कुणालाच कळलं नव्हतं. डॉक्टरांना आमच्याच आजाराचा संशय होता.

या आजारात रक्तातलं एक एन्झाइम काम करत नाही. ते धडधाकट असलं, तर आम्ही घातलेलं द्रव्य तोडतं आणि तुटलेला तुकडा निळा चमकतो. जितकी चमक जास्त, तितकं ते कामसू. या थेंबात चमक जवळजवळ नव्हतीच.

अहवाल लिहायला बसले आणि हात अडला. त्याच कार्डावरून दुसरं एक एन्झाइम मोजून पाहिलं. ते या आजारातही ठणठणीत असतं. तेही मेलेलं! मला चक्क आनंद झाला. म्हणजे दोष मुलीत नसून कार्डात असू शकत होता. पण कार्डाला झालं काय? फोन करून विचारता आलं असतं, पण मग खोड कसली? मीच गेले.

घरात शेगडीवर वेताची पाटी उपडी घातलेली, तिच्यावर लंगोट वाळत होते. मी कार्डाचं विचारलं.

"दवाखान्याच्या आशाताई म्हनल्या, वाळवून ठेव, उद्या नेते," मुलीची आई म्हणाली. "आता ह्या पावसात हितं काय वाळतंय, म्याडम? मग ठेवलं पाटीवर. लय झ्याक वाळलं."

मला हसूच फुटलं. एन्झाइमचं अंड्यासारखं असतं, एकदा शिजलं की शिजलं. तसं सांगितल्यावर तीही हसली आणि लगेच तिनं विचारलं,

"म्हंजे माज्या पोरीला काय न्हाई?"

"ते अजून माहीत नाही," म्हणाले आणि पुन्हा थेंब घेतला. या वेळी कार्ड माझ्या डोळ्यांदेखत पंख्याखाली वाळवलं.

त्या कार्डावर दोन्ही एन्झाइमं छान चमकली. पोरीला तो आजार नाही, हे सांगायला पुन्हा गेले. पोरीला छातीशी धरून ती हमसून रडली. मग आत गेली आणि एक छोटं झबलं घेऊन आली. बाहीवर तपकिरी ठिपका होता.

"थोरल्याला सुई टोचल्याली, तवाचं रगात हाय. धुतलं न्हाई मी. त्याला काय झालतं, ते ह्यातनं कळंल का?"

'मेलेलं' हा शब्द आम्ही प्रयोगशाळेत दिवसभर सहज वापरतो. तिच्यासमोर तो माझ्या तोंडून निघेना.

"आमच्या तपासणीपुरतं त्यात आता काही उरलेलं नसणार," मी कसंबसं म्हणाले.

तिनं झबल्याची हळूच घडी घातली.

"ह्ये न्हाई ओ ठेवलं शेगडीवर," ती म्हणाली.