मलीहा ते कल्बा, पायी

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या आमच्या फॅक्टरीच्या ऑफिसात होते. "मेधा, सुनंदा गेली," एवढंच म्हणाले. सुनंदाताई म्हणजे माझी मोठी जाऊ. त्यांचा उलटलेला कॅन्सर या वेळी ऐकणार नाही हे आम्हाला माहीत होतं. संध्याकाळी अल मजाजच्या त्यांच्या फ्लॅटवर पोहोचले, तर हॉल माणसांनी भरलेला आणि सगळीकडे हलक्या आवाजात एकच विषय. एवढ्या आजारपणातून उठलेल्या बाईने डोंगर कशाला तुडवायचे, तिथेच त्या खचल्या. कुणीतरी भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, तुम्ही तरी अडवायला हवं होतं. भाऊजी मान खाली घालून बसले होते. आता महिना उलटून गेला, लोक भेटायला येतात, तेच बोलतात आणि भाऊजी तसंच ऐकून घेतात. मला ते सहन होत नाही, म्हणून हे लिहिते आहे. त्या चालण्यात मी ताईंबरोबर होते. बोलणाऱ्यांपैकी कुणीही नव्हतं.

पहिले उपचार संपल्यावर डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. अल मजाजमध्ये चालायचं म्हणजे खालिद लगूनभोवती फेऱ्या मारायच्या. तिथे आपली निम्मी मंडळी भेटतात, आणि भेटणारा प्रत्येक जण ताईंना मान तिरकी करून विचारायचा, "आता बरं वाटतंय ना?" ताई वर्षभर फिरल्या आणि मग वैतागल्या. मला म्हणाल्या, "मेधा, इतकं चालते आणि पुन्हा त्याच बाकड्यापाशी येते गं. मला कुठेतरी पोहोचायचंय." कुठे, तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. मलीहाच्या वाळवंटातून निघायचं, हजर पर्वताच्या घळी ओलांडायच्या आणि पूर्व किनाऱ्यावर कल्ब्याच्या खारफुटीच्या जंगलाशी उतरायचं. पाठीवर सामान, मुक्कामाला तंबू. लग्न होऊन या देशात आल्यापासून हा सगळा मुलूख त्यांनी गाडीच्या काचेतूनच पाहिला होता.

घरात अर्थातच वादळ झालं. रेवा, त्यांची मुलगी, इथेच जन्मली आणि वाढली. तिने एका वाक्यात निकाल दिला, "आई, यू आर नॉट स्ट्राँग इनफ. खलास." ताईंनी वाद घातला नाही. बासमतीची मोठी पिशवी सॅकमध्ये घालून त्या टॉवरचे जिने चढायला लागल्या. लिफ्ट बंद पडली असं समजून वॉचमनने मेंटेनन्सवाल्यांना बोलावलं होतं. दोन महिन्यांनी डॉक्टर स्वतःच म्हणाले, जरूर जा. हे कुणाला सांगायला गेलं की ती माणसं चहाच्या कपात बघू लागतात. भाऊजी कुरकुरले खूप, पण निघायच्या आदल्या दिवशी गाडी काढून वाटेत जिथे जिथे रस्ता आडवा येतो तिथे दगडांमागे पाण्याचे कॅन ठेवून आले. थांबायची मात्र त्यांना परवानगी नव्हती. "गाडी दिसली तर मला बसावंसं वाटेल," असं ताईंनी सरळ सांगितलं होतं.

वाळूत पहिल्याच दिवशी कळलं की आम्ही सामान नव्हे, स्वयंपाकघर उचलून आणलंय. दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, आणि सगळं स्टीलच्या डब्यांत! मी तर तुपाची काचेची बरणी आणली होती. ताईंनी त्यावरून मला कल्ब्यापर्यंत छळलं. रस्त्याजवळ आलो की हमखास एखादी पिकअप थांबायची, कारण या देशात पायी दिसणाऱ्या माणसाची गाडीच बिघडलेली असते. एका म्हाताऱ्या अरबाने काच खाली करून विचारलं, "गाडी खराब?" ताई पदर नसतानाही खांद्यावरून काहीतरी सारखं केल्यासारखं करून म्हणाल्या, "गाडी ठीक है. हम भी ठीक हैं." त्याने आम्हाला नीट न्याहाळलं, खजुराचा डबा हातात ठेवला आणि "यल्ला" म्हणून निघून गेला. सहानुभूती कशी आटोपशीर असावी ते त्याच्याकडून शिकावं.

तिसऱ्या दिवशी चढावर ताई मटकन खाली बसल्या. चेहरा पांढरा, ओठ कोरडे. मी घाबरले आणि भाऊजींना बोलवायला फोन काढला. ताईंनी माझं मनगट धरलं. "थांब. मी दमलेय, आजारी नाहीये. दोन्हीतला फरक मला कळतो, तुम्हा लोकांना कळत नाही." मी फोन ठेवला. त्या एका काटेरी झाडाच्या विरळ सावलीत तासभर झोपल्या, उठून दशमी खाल्ली आणि माझ्या पुढे चालू लागल्या... चौथ्या दिवशी उतार सुरू झाला तशी हवा ओलसर झाली, खाऱ्या चिखलाचा वास आला आणि तपकिरी डोंगरांखाली एकदम ते हिरवं जंगल दिसलं. काठाच्या चिखलात ताई पाठीवरच्या सॅकसकट गुडघ्यापर्यंत शिरल्या आणि मोठ्याने हसल्या. भाऊजी तिथे गाडी लावून सकाळपासून उभे होते. त्यांनी पुढे येऊन फोटो काढला.

आजार उलटला तो त्यानंतर कितीतरी महिन्यांनी. चालण्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही, हे डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं. आणि समजा, असताच संबंध, तरी मी हेच म्हणेन. त्या चार दिवसांत त्यांना कुणी "बरं वाटतंय ना" असं विचारलं नाही. एवढं सुख त्यांनी पायाने कमावलं होतं. ते त्यांच्याकडून, त्या गेल्यावर, काढून घ्यायचा हक्क कुणाला नाही.

भिंतीवर लावायला नातेवाइकांनी पैठणीतला फोटो निवडला होता. भाऊजींनी कुणाला न विचारता तो चिखलातला मोठा करून आणला. गेल्या रविवारी रोल्लाहून एक जुने परिचित आले, त्या फोटोकडे बघून हळहळले आणि म्हणाले, "असं जाऊ द्यायला नको होतं हो." मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊजींनी मान वर केली.

"नुसतं जाऊ दिलं नाही. वाटेत पाणी मीच ठेवून आलो होतो. पुन्हा म्हणाली असती, तर पुन्हा ठेवलं असतं."

परिचितांनी चहा संपवला. जाताना, हार राहिलाय वाटतं, असं काहीतरी पुटपुटले. राहिलेला नाही. हार घातला की सॅकचे पट्टे झाकले जातात, म्हणून भाऊजी घालू देत नाहीत.