डांबऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे!

पासपोर्ट फोटो कापताना कडा खाली पडतात ना, तसे आमच्या बोईसरच्या स्टुडिओत किस्से साठतात. कोणी मुद्दाम साठवत नाही हो! केर काढायचा आळस, दुसरं काय? आणि त्या केरात निम्मे किस्से एकट्या डांबऱ्याचे.

डांबऱ्या म्हणजे आमच्या पायरीवर येऊन राहिलेला कुत्रा. अंग फिकट बदामी, तोंड मात्र नुकत्याच ओतलेल्या डांबरासारखं. आमचे जागामालक पाटीलकाका एक दिवस म्हणाले, "पंधरा दिवसांत ह्याला घर बघ. नाय तर मी टेम्पोत घालून लांब सोडून येईन." काका बोलले की करतात. मी आणि माझा पार्टनर सुहास, दोघंही लगेच कामाला लागलो.

सुहास म्हणाला, "त्यात काय? फोटो काढू, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू. आपला धंदाच तो!"

*

पहिला फोटो भर दुपारी, पांढऱ्या भिंतीसमोर काढला. ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत कंपनीतल्या एका वॉचमनचा मेसेज आला.

"भाईसाब, कुत्ता अच्छा है. मगर मुंडी किधर है?"

बघतो तर खरंच! शेपटी आहे, चार पाय आहेत, आणि मानेपुढे नुसतं भोक!

*

मग फ्लॅश मारला. तोंड काही आलं नाही, डोळे तेवढे आले. हिरवेगार! प्रिंट टेबलावर पडली होती, ती एका टेम्पोवाल्याने उचलली.

मी खूश. "नेतोस कुत्रा?"

"कुत्रा नको. हा फोटो द्या. गाडीमागे लावतो, कोणाची नजर लागणार नाय!"

आजही तो टेम्पो फिरतोय. म्हणे एक ओरखडा नाही!

*

शेजारच्या पार्लरवाल्या वैशालीवहिनींना राहवलं नाही. "भाऊजी, मी नवऱ्या मुली उजळवते, हा तर कुत्रा आहे!" असं म्हणून त्यांनी त्याच्या तोंडावर पावडरीचा पफ फिरवला.

डांबऱ्या शिंकला. एकदा नाही, सात वेळा! डांबऱ्याचं तोंड होतं तसं काळं, आणि वहिनी पांढऱ्याफटक. त्याच तोंडाने त्यांनी दोन गिऱ्हाइकं केली.

*

आता खरी चूक सांगतो. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस एकच सांगतो, "जरा उजळ करा हां." सुहासच्या बोटांना ती सवयच लागलेली. त्याने डांबऱ्यालाही उजळ केला! मस्त बदामी तोंड आलं. केळव्याला फिरायला आलेलं एक कुटुंब फोटो बघून गाडी घेऊन दारात हजर!

डांबऱ्या नाचत पुढे गेला. त्यांची मुलगी मागे सरली. "पप्पा, हा तो नाहीये."

गाडी वळून दिसेनाशी झाली तरी डांबऱ्याची शेपटी हलतच होती. मला फार वाईट वाटलं. सुहास त्या दिवशी जेवला नाही. काकांचे दोन दिवस उरले होते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डांबऱ्याला पडवीच्या सावलीत स्टुलावर बसवलं, तोंड मोकळ्या आभाळाकडे. कॅमेऱ्याने उजेडाचं माप थेट तोंडावर घेतलं, मग उजेड थोडा कमी केला, नाहीतर काळ्याचा राखाडी होतो. मागचा रस्ता पांढराफटक झाला. होऊ दे! लेन्सच्या वर बिस्कीट धरलं आणि बटण दाबलं.

काळा तो काळाच आला. पण केस न् केस मोजून घ्या! हनुवटीला दोन पिकलेले केस, डोळ्यांत उजेडाचा थेंब. मोठी प्रिंट काढून दाराच्या काचेत लावली. दिवसभर एक माणूस फिरकला नाही.

*

शेवटच्या दिवशी घिवलीची कमळाआजी आली, तीही भांडायलाच! पेन्शनच्या फॉर्मसाठी तिने आमच्याकडे फोटो काढला होता. तो टेबलावर आपटून म्हणाली, "बँकेतला साहेब इचारतो, आजी, हा तुमच्या सुनेचा फोटो हाय का?"

सुहास टेबलाखाली काहीतरी शोधायला लागला.

तेवढ्यात आजीचं लक्ष काचेकडे गेलं. तशीच काचेपाशी गेली. "ह्या कुत्र्याचं तोंड बराबर येतं, आन माजंच का नाय येत रे?"

तिला त्याच पडवीत, त्याच स्टुलावर बसवलं. खाली डांबऱ्या, स्टूल त्याचं असल्यासारखा नाराज. फोटो काढला. सुहासचा हात सवयीने माउसकडे गेला.

"हात लावशील तर मोडीन!"

प्रिंट आली. सगळ्या सुरकुत्या, गोंदण, उन्हात रापलेलं तोंड. आजी खुदकन हसली. "हां! ही मी हाय."

पाकीट कमरेला खोचून ती रिक्षाकडे निघाली. बघतो तर मागोमाग डांबऱ्या!

"आजी, थांबा! कुत्रा मागे येतोय!"

आजीने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "येऊ दे. तू तो काचेतला फोटो काड आदी. उद्या कोन मागायला आला, तर देशील काय?"