फेटेवाल्याकडे सरकलेलं ओझं

लष्करभरतीच्या लेखी परीक्षेला बसायची माझी ती शेवटची खेप होती. पुढच्या वर्षी वय उलटणार होतं. धावण्यात मी मुलांना मागे टाकायचे, गणितही बरं होतं. घोडं अडायचं ते यंत्रांच्या प्रश्नांवर. कप्पी, तरफ, दातेरी चाकं. म्हणून कुरुंदवाडहून रोज एसटीने कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या क्लासला जायचे.

क्लासचे सर निवृत्त सुभेदार. त्यांनी एकदा फळ्यावर चित्र काढलं. दोन माणसं खांद्यावर काठी घेऊन चालली आहेत, काठीला पोतं लटकतंय. चित्र ओकंबोकं दिसू नये म्हणून पुढच्याला त्यांनी फेटा आणि मिशा काढल्या. मागचा बोडका पोरगा. पोतं फेटेवाल्याच्या जवळ. जास्त भार कोणावर?

सगळ्या वर्गाने एका सुरात सांगितलं, पोरावर.

सर हातातल्या खडूकडे बघत राहिले. "कसं काय?"

"सर, वडीलधाऱ्या माणसाला कोण उचलू देतंय व्हय?" मागच्या बाकावरून उत्तर आलं. "पोरगं वढून घेतंय की आपल्याकडं."

मलाही हेच वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतं. सरांचा मात्र पारा चढला. "पोतं ज्याच्या जवळ, भार त्याच्यावर. माणूस बघू नका, अंतर बघा," म्हणत त्यांनी तळव्याने फेटा पुसून टाकला. मिशा राहिल्या, त्यामुळे काही उपयोग झाला नाही.

घरी सांगितल्यावर वडील म्हणाले, करूनच बघू. त्यांचा माझ्या पुस्तकावर आधीच राग होता. त्यातलं 'घर्षण नाही असे समजा' हे वाक्य मी वाचून दाखवलं, तेव्हा "आसा रस्ता कुठं हाय, दाव मला, ऊस तिकडनंच नेतो," असं म्हणून त्यांनी तो धडा संपवला होता.

पेंडीचं पोतं काठीला अडकवलं. एक टोक त्यांच्या खांद्यावर, एक माझ्या. मला पोतं जवळ घेऊन भार अनुभवायचा होता. मी सरकवलं की ते परत स्वतःकडे ओढायचे.

"आबा, सोडा की. परीक्षा माझी हाय."

"म्हणून पोरीच्या मानंवर पोतं टाकू व्हय?"

आवाज ऐकून शेजारचे अण्णा आले. ते वडिलांपेक्षा वयाने मोठे. त्यांनी मला बाजूला सारून माझं टोक घेतलं. आता पंचाईत वडिलांची. मोठ्या माणसावर भार कसा टाकायचा? त्यांनी पोतं आपल्याकडे ओढलं. मदतीला येऊन मोकळं चालणं अण्णांना कमीपणाचं वाटलं; त्यांनी ते परत ओढलं. दोघे एकमेकांवर डाफरत अंगणभर फिरले, आणि शेवटी पोतं बरोबर मध्यावर येऊन थांबलं. सरांच्या प्रश्नात नेमकी हीच शक्यता नव्हती. आईने चहा आणला आणि माझं शिक्षण तिथेच आटोपलं.

परीक्षेत तो प्रश्न आलाच. पण तिथे नुसत्या रेघांची माणसं होती, अ आणि ब. ना फेटा, ना मिशा, कोण कोणापेक्षा मोठा काही कळेना. पोतं 'ब'जवळ होतं. मी मन घट्ट केलं, 'ब'वर भार टाकला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

पुढे मैदानी, वैद्यकीय सगळं पार पडलं, आणि एका संध्याकाळी अंतिम निकाल मोबाइलवर आला. वडील गोठ्यात धार काढत होते. मी धावत गेले.

"आबा, झालं माझं. घेतलं मला."

"व्हय?" त्यांनी मान वर केली नाही. "लई ब्येस केलंस." मग जरा वेळाने, "ट्रेनिंग कुठं?"

मी सांगितलं.

"कोल्हापुरातनं सरळ गाडी हाय तिकडं?"

"न्हाय. मधी बदलाय लागतीया."

इतके दिवस साऱ्या घराला एकच घोर होता, मी पास होते की नाही. पास झाले तर घर सोडून जाणार, याची तयारी कोणीच केली नव्हती, मीही नाही. मला रडू यायला लागलं आणि तिथेच त्यांच्याजवळ बसून राहावंसं वाटलं.

चरवीतला धारेचा आवाज केव्हाच थांबला होता. म्हशीने पाय झाडला, वळून पाहिलं. तरी वडील मान खाली घालून सड ओढतच होते.