विठाबाईचे कान आणि डॉक्टरांचा डबा
पोलादपूरच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणारी रंजिता कुणाचं मुकाट्याने ऐकून घेणाऱ्यातली नव्हतीच. डोंगरावरच्या वाडीतून रोज पायी उतरून ती हे काम शिकली. "पोरीला काय जमणार" म्हणणाऱ्यांचीच मशीनं पुढे तिने उघडून ठीक केली. पण कान ठणकतो म्हणून महाडला नेलेल्या तिच्या आईच्या, विठाबाईच्या, कागदावर डॉक्टर देवव्रतांनी 'ऐकू कमी येतं' असं लिहिलं आणि रंजिताचं डोकंच फिरलं. मुंबईतला भाऊ सूरज लगेच म्हणाला, बहिरी बाई रानात गुरं कशी राखणार? रविवारी गिऱ्हाईक आणतो, विकून टाकू.

विठाबाई कडाडली, "बहिरी मी नाय! त्याचा डबा घुमतो, त्यात बारीक आवाज बुडतो."

रंजिताने महाडला जाऊन पाहिलं, तर खरंच होतं ते. तपासणीचा कॉम्प्युटर त्याच अरुंद खोलीत, आणि त्याचा फॅन अखंड घूं घूं करणारा. तिने तो बदलून पाहिला तरी तेच. रंजिताने डॉक्टरांना सांगितलं, आवाजाला आवाजानेच मारते. फॅनपाशी माइक, खुर्चीपाशी छोटा स्पीकर. फॅनच्या आवाजाची लाट वर जाईल तेव्हा स्पीकरची खाली, की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात.

डॉक्टर हसले. "ताई, असली कामं पुण्याची माणसं करतात."

"मग ती येईपर्यंत माझं बघा."

चार दिवस खपून, खुर्चीत बसून तिने जुळवणी केली. घूं घूं विरली. शनिवारी विठाबाईला आणलं, तर बाई जन्माच्या सवयीने डॉक्टरांसमोर जमिनीवरच बसली, आणि तिथे घुमणं उलट वाढलं! ही शांतता जेमतेम घागरीएवढ्या जागेत पडते, आणि रंजिताने ती खुर्चीवरच्या डोक्यापाशी पाडली होती. वाडीतली माणसं कुठे बसतात हे वाडीतल्याच पोरीने विसरावं, याची तिला लाज वाटली.

"त्यांना खुर्चीवर बसवा ना," डॉक्टर म्हणाले.

"जमिनीवर बसणारी ही एकटीच येते का तुमच्याकडे? आई वर चढणार नाही. यंत्र खाली येईल."

तासाभरात स्पीकर फरशीवर आला, जुळवणी नव्याने झाली. हेडफोन लावून बसलेल्या विठाबाईने आवाज ऐकू येताच हात वर केला, पुन्हा केला. मागच्या खेपेला ज्या आवाजांनी तिला बहिरं ठरवलं होतं, त्या प्रत्येकाला केला. डॉक्टरांनी जुना कागद फाडला आणि नवा लिहून दिला.

नवा कागद कनवटीला खोचत विठाबाई उठली. "सूरजला फोन लाव गो. म्हनावं, गिऱ्हाईक खुशाल आन. गोठ्याशी येईस्तोवर त्याची पावलं मला ऐकू येतील, आनि काठी माझ्या हातात हाय."