पारेकुरामावशीचा अळणी रस्सा

होकियांगाच्या खाडीकाठी आमच्या गावच्या सभाघराचं स्वयंपाकघर म्हणजे पारेकुरामावशीचं राज्य. इथे कुणी वारलं की दफन होईपर्यंत दोन-तीन दिवस आलेल्या सगळ्यांना सभाघरातच जेवू घालतात. मी इथला जावई, म्हणून बटाटे सोलायला. तिचा नियम एकच: स्वतः चाखल्याशिवाय पातेलं बाहेर पाठवायचं नाही. तिच्या खारवलेल्या डुकराच्या रश्श्यासाठी लोक परक्याच्या मयतालाही हौसेने येतात, असं मी म्हणायचो आणि पळीचा प्रसाद खायचो.

मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून मावशी घरीच रोज चार वेळा पोटातलं जुनं पाणी काढून नव्या पिशवीतलं भरते. पिवळ्या पिशवीत साखर कमी, लालमध्ये जास्त. साखर जितकी जास्त, तितकं अंगातलं पाणी जास्त ओढलं जातं. म्हणून मयताच्या दिवसांत मावशी खुशाल खारट चाखायची, पाहुण्यांबरोबर चहा ढोसायची आणि अंगात साठलेलं पाणी काढायला लाल पिशवी लावून मोकळी व्हायची.

यंदा रोइमाटा आली. ती नर्स, आणि नात्याने मावशीची भाची.

"मावशी, लाल पिशवीची साखर रक्त गाळणारा पोटातला पडदा जाळतेय. तो गेला की शहरात बिऱ्हाड करायचं आणि मशीनवर पडून राहायचं."

"आणि माझं स्वयंपाकघर?"

"बघेल कुणीतरी."

हे 'कुणीतरी' मावशीला झोंबलं. "यापुढे फक्त पिवळ्या आण. पडद्याला मानवतं तेच पोटात जाईल. बाकीचं मी बघते."

बाकीचं म्हणजे मीठ बंद, चहा घोटभर. आणि नेमके तेव्हाच गावचे वडीलधारे तौकिरी वारले. चहूकडून माणसं येणार. मावशीने खारवलेलं मांस पाणी बदलून बदलून उकळलं आणि रश्श्यात चिमूटभरही मीठ घातलं नाही.

"मावशी, गावाची अब्रू जाईल!" मी म्हणालो.

"मला चाखता येत नाही ते मी वाढत नाही. मीठ टेबलावर ठेव, लोकांना हात आहेत."

मला धडकी भरली. इथे एका फसलेल्या जेवणावरून नातवंडांपर्यंत टोमणे ऐकावे लागतात.

दफनानंतरचं जेवण झालं. रीतीप्रमाणे पाहुण्यांनी रांधणाऱ्यांना बाहेर बोलावून आभाराचं गाणं म्हटलं. मग त्यांचे म्हातारे वक्ते काठी टेकत उठले.

"पारेकुरा, मीठ महाग झालं का गं? आमची कुत्रीसुद्धा याहून चवीचं खातात!"

सगळे हसले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशीने शांतपणे एप्रनला हात पुसले.

"होय काका, अळणीच होतं. खारट चाखत राहिले तर मला हे गाव सोडावं लागेल. मी सोडणार नाही. तुमच्या मयतालाही अळणीच मिळेल, पण रांधायला मीच असेन."